प्रश्नचिन्हापुढचा आकडा

समस्त ग्रामस्थांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी, एका जून महिन्यात, अख्ख्या कोल्हारचं भवितव्य एका प्रश्नचिन्हाला लटकलं होतं आणि त्या प्रश्नचिन्हाचा सर्वाधिकारी मी होतो.

माझा तिथे कॉम्प्युटर क्लास होता. दहावीचा निकाल त्या वर्षी पहिल्यांदाच इंटरनेटवर लागला. पण नंबर टाकायचं पान चित्रांनी इतकं जड, की ते उघडेपर्यंत फोनची लाइन तुटायची. तासाभराने कसाबसा एका मुलाचा निकाल आला आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत मला खजिना दिसला. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, त्यापुढे ‘सीट’, मग ‘=’ हे बरोबरचं चिन्ह आणि त्या मुलाचा परीक्षेचा नंबर! मी तेवढा नंबर खोडून दुसरा लिहिला, एंटर दाबलं. दुसऱ्या मुलाचा निकाल हजर! ते जड पान गेलं प्रवरा नदीत. मी जादूगारासारखी बोटं मोडली आणि बाहेरच्या गर्दीला हाळी दिली, "चला, हॉल तिकिटं काढा!"

गर्दीत दोघी जावा होत्या. थोरली अंगणवाडीत मदतनीस. दहावी झाली तर सेविका होता येणार, म्हणून तिने चाळिशीत बाहेरून फॉर्म भरलेला. सोबत म्हणून धाकटीनेही भरला. त्यामुळे दोघींचे नंबर लागोपाठ.

"अक्का, गणिताच्या पेपरात अंगणवाडीची हजेरी तर न्हाई ना लिहून आलात?" धाकटी म्हणाली.

"गप गं. सर, आधी माझं बघा."

मी एकेक आकडा मुद्दाम सावकाश दाबला. एवढा तमाशा तर हवाच! थोरलीचं नाव आलं. गणितात पस्तीस. पास! तिने पदराने कपाळ पुसलं.

"आता माझं," धाकटी पुढे सरकली.

मी फक्त शेवटचा आकडा खोडून पुढचा घातला. धाकटीही पास! लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरली मात्र पडद्याकडे बघत पांढरीफटक पडली. मघाशी जिथे तिचं नाव होतं तिथे आता जावेचं होतं, आणि तिचा आकडा मी खोडताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अवो सर, तिला ऱ्हाऊ द्या तशीच," ती ओरडली, "पन माझा आकडा परत घाला, मला परत पास करा!"