पाय शेवटी येतात

आमचे हे पनवेलच्या शाळेत मास्तर. शाळेतून आले की फुकट होमिओपॅथीच्या गोळ्या देत. त्यांचा तो उशीएवढा जाड इंग्रजी ग्रंथ, रेपर्टरी, आमच्या घरात देवांच्याही वरच्या फळीवर. त्यात लक्षणं क्रमाने लावलेली. आधी मन, मग डोकं, डोळे, चेहरा, असं उतरत उतरत पार शेवटाकडे हातपाय. एकेका लक्षणाखाली कोणती बाजू, किती वाजता, कशाने वाढतं. पुढे औषधांची नावं, त्यातली हुकमी जाड ठशात.

रोग्यानेही त्याच क्रमाने बोलायचं, हा ह्यांचा हट्ट. कुणी मधेच गुडघ्याचं काढलं की बोट वर. मी मधे बोललेलं तर मुळीच खपत नसे. एकदा चारचौघांत मला म्हणाले होते, तू आपली चुलीकडे बघ. ते मी विसरले नव्हते.

त्या दुपारी उरणकडच्या मिठागरावरचा एक माणूस बायकोच्या खांद्यावर भार टाकून आला. मान ताठ, तोंड उघडेना. दार मीच उघडलं. त्याच्या डाव्या पायाला मळकं फडकं बांधलेलं दिसलं. विचारावंसं वाटलं. पण म्हटलं, विचारतील की, शहाणे आहेत. आणि आत निघून गेले.

ह्यांचं सुरू झालं. राग लवकर येतो का? स्वप्नं कसली पडतात? त्याचे दात आवळलेले, म्हणून बायकोच उत्तरं देत होती. असा तासभर गेला. चेहऱ्याच्या प्रकरणात 'जबडा आवळणे' सापडलं आणि ह्यांना कोण आनंद झाला! खाली औषधांची ही लांब रांग. त्यातलं एक निवडायचं, म्हणून पुन्हा उजवीकडे जास्त की डावीकडे, सकाळी की संध्याकाळी. मी आत चडफडत होते. हातातली पितळी खाली पडली. त्या आवाजासरशी तो माणूस कमानीसारखा मागे वाकला.

"पाय बघा त्याचा आधी," मी ओरडले.

बायको गोंधळली. "पायाला काय नाय. खिळा लागलेला, आठ रोज झाले. सुकला पन."

ह्यांचा हात पानावरच राहिला. हा धनुर्वात, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. हे तसेच अनवाणी नाक्यावर धावले, मुंबईकडे निघालेला ट्रक थांबवला आणि त्याला घेऊन स्वतः गेले. तिसऱ्या दिवशी एकटेच परतले. मला काही विचारायची गरजच पडली नाही. पुढे मात्र कुणीही आलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच, कुठे लागलंय का?

महिन्याभराने ती बाई आली. कपाळ मोकळं, हातात मिठाची पुरचुंडी. मास्तरांनी लई धावपळ केली म्हणून आणलं, म्हणाली. हे मान खाली घालून बसले. मी तिला दारापर्यंत पोचवायला गेले, तेव्हा ती उंबऱ्यावर थांबली.

"बाय, आमी आल्या आल्याच तुमी त्यांच्या पायाकडं बघितलेलं ना?"

मी हो म्हटलं.