पदवीच्या रकान्यातली आडवी रेघ

प्रोफेसर एमिल ह्राडेक लॉ स्कूलच्या कचेरीत टायपिस्ट असलेल्या अर्डिस लुंडीनच्या पहिल्यांदा लक्षात राहिले ते एका विचित्र प्रश्नामुळे. १९४३ चा सप्टेंबर होता. लॉ स्कूलचे निम्मे शिक्षक युद्धावर गेले होते आणि म्हाताऱ्या डीननी व्हेस्टा गावातला एक वकील जमिनीचा कायदा शिकवायला आणला होता. पहिल्या तासाला पाच मिनिटं उरली असताना तो उंच, थोडा वाकलेला माणूस हॅट छातीशी धरून तिच्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "मिस, एक विचारू? वर्गात मी पुढच्या दारानं जायचं, का मागच्या?"

"पुढच्या," अर्डिस म्हणाली. "वरचं, मागचं दार विद्यार्थ्यांचं."

"असं होय," म्हणून ते गेले.

तिला हसू आलं. उतरत्या बाकांचा, दोन दारांचा असा वर्ग सगळ्याच लॉ स्कूलांत असतो. तीन वर्षं त्यात बसून आलेल्या माणसाला एवढंही ठाऊक नसावं? पण तेवढ्यात फोन वाजला आणि ती ते विसरून गेली.

युद्ध संपलं, गेलेले परत आले, म्हातारे डीन वारले, पण ह्राडेक राहिले. त्यांच्यावाचून चालेना. बाकीचे प्रोफेसर जाडजूड पुस्तकातला एकेक निवाडा घेत आणि एकेका मुलाला उभं करून प्रश्नांनी घाम फोडत. ह्राडेक पिवळी पडलेली जुनी खरेदीखतं आणत. एका शेताची सत्तर वर्षांची खतं ओळीनं बाकावर मांडत आणि म्हणत, "मालकीची ही साखळी एका ठिकाणी तुटलीय. शोधा. सापडली नाही तर तुमचा अशील ते शेत विकत घेईल आणि म्हातारपणी तुमच्या दारात येऊन रडेल." मुलं डोकी खुपसून शोधत बसत. दर शुक्रवारी त्यांची बायको कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, करून देई. त्यातले दोन अर्डिसच्या टेबलावर रुमालात बांधून ठेवलेले असत.

देशातल्या सगळ्या कायदाशिक्षकांची एक लाल पुठ्ठ्याची नामावली दर वर्षी छापून येई. कोण कुठला, पदवी कुठली, वकिली किती वर्षं, विषय कोणते. दर मे महिन्यात अर्डिस त्यासाठी अकरा जणांची कार्डं टाइप करून पाठवी. नवं काही विचारायचं नसे. मागच्या वर्षीची नोंद समोर ठेवायची, दारात उभं राहून "काही बदल?" एवढं विचारायचं, आणि मजकूर उतरवायचा. ह्राडेक दर वर्षी चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "नाही. काही नाही."

१९५२ च्या एप्रिलात नवे डीन व्हिटकॉम यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की तीन आठवड्यांनी दोन तपासनीस येणार आहेत. शाळेची मान्यता त्यांच्या अहवालावर अवलंबून होती. प्रत्येक शिक्षकाच्या पदवीचा मूळ कागद फाइलीत लागणार होता.

दहा कागद आठवड्याभरात आले. प्रोफेसर टॅल्मेज तर चौकटीसकट घेऊन आले. "जपून हं, मिस लुंडीन. लॅटिनमध्ये आहे. मलाही वाचता येत नाही, म्हणून तर भिंतीवर लावतो."

अकरावा आला नाही. अर्डिसने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा ह्राडेक "बघतो" म्हणाले आणि दोन्ही वेळा त्यांनी चष्मा पुसला.

शाळेचं नाव तरी कळलं तर आपणच पत्र टाकू, म्हणून तिने युद्धानंतर पहिल्यांदा प्रत्येकाने स्वतः भरून दिलेली १९४६ ची हस्तलिखित कार्डं काढली. ह्राडेकांचं अक्षर कोरीव होतं. जन्म १८९६, वडील लोण्याच्या कारखान्यात कामाला. शिक्षण: व्हेस्टामधले वकील स्टॅसनी यांच्या हाताखाली चार वर्षं. वकिलीची सनद १९१९; त्या काळी ती पदवीवाचूनही मिळे. आणि पदवीच्या रकान्यात एक छोटी, सरळ आडवी रेघ.

तिने त्या वर्षीची लाल नामावली उघडली. ह्राडेक, एमिल. एलएल.बी.

अर्डिसने ती अक्षरं पुन्हा वाचली. ते तिनेच टाइप केलं होतं. दहा कार्डांवर एलएल.बी. मारून सरावलेल्या बोटांनी अकराव्यावरही मारलं असणार. पुढे दर वर्षी छापलेलं बघून तिनेच ते उतरवलं होतं, सहा वर्षं. आता तपासनीस नामावली उघडतील, फाइल उघडतील आणि विचारतील, पदवी कुठे आहे? खोटी पदवी लावणाऱ्या प्रोफेसराला शाळेत ठेवतात का? आणि तिला? घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. चार दिवस तिला जेवण गेलं नाही. आई विचारायची, "पोरी, सूप खारट झालंय का?" आणि ती म्हणायची, "नाही गं, मा."

पाचव्या दिवशी ती ह्राडेकांच्या खोलीत गेली आणि कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

"चूक माझी आहे, प्रोफेसर. मी डीनना सांगते."

त्यांनी कार्डाकडे पाहिलंही नाही. मागच्या फळीवरून सहा लाल पुस्तकं काढली आणि एकेक उघडून दाखवलं. प्रत्येकात त्यांच्या नावापुढची अक्षरं पेन्सिलीने खोडलेली होती.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" ती म्हणाली.

"पहिल्या वर्षी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, एवढ्याशासाठी तुम्हाला बोलणी बसतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, पहिल्या वर्षी का नाही बोललास असं विचारतील." त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "आणि खरं सांगू? पहिल्यांदा छापलेलं पाहिलं तेव्हा मी ते पान बायकोला दाखवलं होतं. खोडलं दुसऱ्या दिवशी."

"जुन्या डीनना माहीत होतं?"

"सगळं. ते म्हणाले, एमिल, गाईला दूध आहे का ते बघतात, तिची शाळा नाही विचारत. पण ते गेले."

अर्डिसला एकदम तो पुढच्या-मागच्या दाराचा प्रश्न आठवला. हा माणूस त्या दिवसापर्यंत लॉ स्कूलच्या वर्गात कधी गेलाच नव्हता.

"मीच सांगतो डीनना," ह्राडेक म्हणाले. "तुम्ही मधे येऊ नका."

पण सोमवार गेला, मंगळवार गेला. ते डीनच्या दारापर्यंत येत, अर्डिसला मान लववत आणि वळून परत जात. बुधवारी त्यांनी दारावर टकटक केलीसुद्धा. आतून "कोण?" आलं तेव्हा ते कोपऱ्यावरून वळत होते. शुक्रवारी कोलाचे आले नाहीत. तपासनीस सोमवारी यायचे होते.

शुक्रवारी दुपारी अर्डिस कार्ड घेऊन स्वतःच आत गेली. टॅल्मेज तिथे बसले होते. ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोललीच नसती. सगळं सांगून झाल्यावर डीननी ह्राडेकांना बोलावलं.

"म्हणजे सहा वर्षं आपण छापील खोटं बोलतोय," व्हिटकॉम म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आपण नाही, सर. मी," अर्डिस म्हणाली.

"त्यांनी चुकून लिहिलं," दारातून आत येत ह्राडेक म्हणाले. "दर मेमध्ये त्या मला विचारायच्या, काही बदल? मी सहा वेळा नाही म्हणालो. जाणूनबुजून."

टॅल्मेज खुर्चीत मागे रेलले. "अहो व्हिटकॉम, हा तर याचाच धडा आहे. कुणी हरकत न घेता दहा वर्षं जमीन कसली की ती कसणाऱ्याची. याला नववं चालू आहे. वर्षभर डोळे मिटा की!"

"नाही, टॅल्मेज," ह्राडेक म्हणाले. "कब्जा उघड लागतो. कुंपण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. माझ्या परीक्षेत तू नापास."

टॅल्मेज मोठ्याने हसले. डीन हसले नाहीत. त्यांनी अर्डिसला नामावलीच्या संपादकांना चूकदुरुस्तीचं पत्र टाइप करायला सांगितलं. तिने ते तीनदा केलं, कारण दोनदा बोटं चुकीच्या अक्षरावर पडली.

सोमवारी दोघे तपासनीस आले. त्यातल्या म्हाताऱ्याने ते पत्र वाचलं, ते आडव्या रेघेचं कार्ड बराच वेळ हातात धरलं आणि विचारलं, "यांचा तास किती वाजता असतो?"

तासभर अर्डिसने एक ओळसुद्धा टाइप केली नाही. म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याच्या बाहीला जुन्या कागदाची पिवळी धूळ लागली होती. "तुटलेली जागा मला काही सापडली नाही," तो आपल्या सोबत्याला म्हणाला. "तिसऱ्या बाकावरच्या मुलीला सापडली." पुढे तो काय ठरवणार ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मे, जून, जुलै असेच गेले. टपालवाला दिसला की अर्डिस उठून दारापर्यंत जायची.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. शाळेची मान्यता कायम राहिली. ह्राडेकांना शिकवता येईल, पण प्रोफेसर म्हणून नव्हे, व्याख्याता म्हणून. शिक्षकसभेत मत देता येणार नाही. अर्डिसची नोकरी राहिली. तिच्या फाइलीत समज दिल्याची नोंद मात्र झाली.

दारावरची पाटी बदलली त्या दिवशी ह्राडेकांनी नव्या पाटीचे स्क्रू स्वतःच घट्ट केले. पुढे अकरा वर्षं त्यांनी शिकवलं. सभेत मतदानाची वेळ आली की ते उठून बाहेर येत आणि अर्डिसच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर हॅट मांडीवर घेऊन बसत. दोघं हवेबद्दल बोलत. दार उघडलं की ते पुन्हा आत जात. दर मे महिन्यात ती पहिल्यासारखीच विचारी, "काही बदल?" आणि पदवीचा रकाना त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामा सोडी. विद्यार्थी त्यांना प्रोफेसरच म्हणत राहिले. ते प्रत्येकाला दुरुस्त करत. मुलं काही सुधारली नाहीत.

आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि व्हेस्टामध्ये मुलीकडे राहतात. मंगळवारी आणि गुरुवारी ते कोर्टाच्या तळघरात बसून जुन्या खरेदीखतांची सूची करतात, आणि सध्या १८८४ सालापर्यंत आले आहेत.