शुभेच्छुकांची पट्टी

हे मी सात वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, नोकरी स्वच्छ झाली. झाली नव्हती.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी कारकून होतो. टेबलासमोर वच्छला उभी होती. मेंढपाळाच्या घरची, तिशीतली, जन्मापासून ऐकू न येणारी. मी तिचं मनगट धरलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि रजिस्टरवर उठवला. तिला सही येत होती. मूकबधिरांच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला ते माहीत होतं.

झालं होतं असं. अपंगांच्या दाखल्यांची फेरतपासणी ठरली होती. जो येणार नाही त्याचं नाव अनुदानाच्या यादीतून जाणार. कुठे यायचं, कधी, कोणते कागद घेऊन, हे सांगणारा व्हिडिओ कचेरीनं काढला आणि सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला. आवाज माझा. गणपतीच्या मांडवात सूचना मीच द्यायचो, म्हणून.

व्हिडिओ बनवताना ऑपरेटर म्हणाला, "काका, खाली बोलणं लिहून टाकू का? ऐकू न येणारे बी हायेत यादीत."

"आन शुभेच्छुक कुठं टाकतो मग? माझ्या टकलावर?"

सगळे हसले. खालच्या पट्टीत पाच पुढाऱ्यांचे फोटो गेले. हात जोडलेले.

वच्छलाला मोबाइलवर काही कळलं नाही म्हणून ती कचेरीत आली. मी तोच व्हिडिओ संगणकावर लावून दिला. तिनं दोनदा पाहिला. मग खुणेनं कागद मागितला आणि लिहिलं, "पाच माणसं दिसतात. यातलं बोलतंय कोण?"

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "कुणीच बोलत न्हाई बे, म्हणून तर निवडून येतेत."

कचेरी बराच वेळ हसत राहिली. वच्छला एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. हसणं तिला दिसत होतं.

तिनं खाली दुसरी ओळ लिहिली. "तारीख लिहून द्या."

एवढंच. एक तारीख. पेन माझ्या हातात होतं. पण जेवणाची सुट्टी झाली होती. व्हिडिओ दाखवलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे 'पाहिला व समजला' असा शिक्का मारून सही घ्यायची, असा आदेश होता. मी शिक्का मारला, रजिस्टर पुढे सरकवलं. तिनं 'समजला' या शब्दावर बोट ठेवलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा हलवली.

"लई शहाणी हाय मुकी," मी म्हणालो आणि तिचा हात धरला.

हात सुटल्यावर तिनं ओला अंगठा संगणकाच्या काचेवर ओढला. पाचही फोटोंवरून, एका रेघेत. आणि गेली. शिपायानं काच पुसून घेतली.

तपासणीला ती आली नाही. नव्या यादीत तिचं नाव नव्हतं. तिनं अर्ज केला. उत्तर गेलं, "माहिती वेळेत दिलेली असून अर्जदारास ती समजल्याची नोंद आहे." ते उत्तर मीच लिहिलं. माझ्या अक्षरात.

सात वर्षांनी, निवृत्तीनंतर, मी कचेरीत तीन अर्ज दिले. व्हिडिओत खाली अक्षरं द्या. त्या वेळी ती मीच टाकू दिली नाहीत. अंगठा मी जबरदस्तीनं घेतला. तिचं नाव यादीत परत घ्या. नवा कारकून म्हणाला, "काका, काहून जुनी मढी उकरता? चहा घ्या." परवा आलेल्या व्हिडिओतही आवाजच होता. खाली सात फोटो.

चौथ्या अर्जाला मी तिचा तो कागद जोडतो आहे. दोन ओळींचा. इतकी वर्षं जपला असं स्वतःशी म्हणत होतो, लपवला होता. पोच मिळाल्याशिवाय टेबलासमोरून हलणार नाही. चहाही घेणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या वस्तीवर गेलो होतो. ती पाठमोरी बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मी दहा पावलांवर थांबलो आणि म्हणालो, "वच्छला, माझं चुकलं. माफ कर."

दोन-तीन मेंढ्यांनी माना वर केल्या. तिनं नाही.

माझ्या खिशात पेन होतं. कागदही होता. मी तसाच मागे फिरलो.