मोरेश्वरकाकांचं कार्ड

मोरेश्वर पाटलांनी माझी नोकरी वाचवली, हे आधी सांगते. काय झालं ते मागून. कारण झालेलं सांगायला बसले की माझा जीव घाबरा होतो आणि त्यांचं नाव मागे राहून जातं. एकदा राहिलंय, पुन्हा नको.

पेणकरपाड्यातल्या ज्या गाळ्यात मी पॅकिंगचं काम करते, तिथे ते तपासनीस म्हणून आले. मूळचे इथून जवळच्याच डोंगरी गावचे, भातशेतीवाल्या घरातले. सगळी नोकरी हवाई दलात विमानं-हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात गेलेली. एवढी वर्षं मुलुखभर फिरले, पण बोलणं डोंगरीचंच राहिलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते आम्हा सगळ्या बायकांना 'बाय' म्हणायचे.

त्यांची एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी तिचं कार्ड मागायचे. हेलिकॉप्टरच्या प्रत्येक पार्टला जाड कागदाचं एक कार्ड असतं. किती तास उडला, कधी उघडला, काय बदललं, सगळं त्यावर. "पार्ट मुका हाय, बाय. कार्ड त्याचं तोंड," हे त्यांचं पालुपद. स्वतःच्या छत्रीलाही त्यांनी दोऱ्याने कार्ड बांधलं होतं. काडी कधी बदलली, कापड कधी शिवलं, तारखेसकट. मी हसले तर म्हणाले, "हस, हस. वाऱ्यात उलटी झाली की कळंल, कुठची काडी कच्ची हाय ती."

काम मोठं होतं. आपल्याकडची निवृत्त झालेली हेलिकॉप्टरं बेटावरच्या एका लहानशा मित्रदेशाला द्यायची होती. त्यांचे सुटे पार्ट आमच्याकडे यायचे. तेलकट कागदात गुंडाळायचे, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या, लाकडी खोक्यात ठोकायचे. मला वाटायचं, जुनी वस्तू दुसऱ्याला द्यायची त्यात एवढं काय? आमच्या किनवटकडे जुनी सायकल भाच्याला देतात, तो टांग मारून निघून जातो.

काकांना हे बोलले, तर ते खोक्यावर बसलेच. "सायकल? अगं, हे पार्ट बनवणारा कारखानाच बंद पडला. रबराचं वय संपत आलं. आपल्या पोरांनी दुरुस्तीच्या पुस्तकात पेन्सिलीनं हिंदीत लिहून ठेवलंय, ते तिथं कोण वाचणार? त्यांचा मिस्त्री भलत्याच मशीनवर शिकलेला. आपण फोटो काढून देऊन टाकतो, आन् ते बिचारे वर्षभर वायसर शोधत बसतात." मग थांबून म्हणाले, "गाय दिली आन् ती कुठच्या पायानं लाथ मारते ते सांगितलं न्हाय, तर ते देणं न्हाय. गळ्यात मारणं हाय."

हे ऐकूनही मी जी चूक केली ती केलीच.

मी आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे सुटली. त्यामुळे असेल, पण कागदाची मला फार भीड. कागदाला पाय लागला तर अजून हात जोडते. त्या दिवशी आलेल्या पार्टांच्या पिशव्यांत तेल पाझरलं होतं आणि कार्डं भिजत होती. मला बघवेना. मी चाळीसच्या वर पिशव्या उघडल्या, सगळी कार्डं काढली, फडक्याने पुसली, पंख्याखाली वाळवली आणि नव्या फायलीत लहान-मोठी बघून नीट लावून ठेवली. वाटलं, काका खूश होतील.

काकांनी फाईल उघडली. मग उघड्या पिशव्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बाय," ते म्हणाले, "सगळ्यांची तोंडं एका जागी ठेवलीस."

 माझी मुलगी गावाला माझ्या आईपाशी होती. जूनमध्ये तिला इथे आणायची, इथल्या शाळेत घालायची, एवढ्यासाठीच मी घर सोडून इतक्या लांब राहत होते. ही नोकरी गेली असती तर मीच परत गेले असते.

पुढचे तीन दिवस काका भिंग घेऊन पार्टांवर कोरलेले नंबर वाचत होते आणि मी त्या नंबरचं कार्ड शोधून देत होते. एकेक जोडी लागत गेली. शेवटी राहिले दोन पंप. दिसायला जुळे भाऊ, आणि दोघांचेही नंबर झिजून गेलेले. कार्डंही दोनच. एक सांगत होतं, नुकताच दुरुस्त झालाय. दुसरं सांगत होतं, आयुष्य संपत आलंय.

गाळ्याचे मालक, आमचे शेठ, आले. "अरे पाटीलसाहेब, दो पंप, दो कार्ड. एकाला एक लावून टाका ना! वरून फुकट देतोय आपण. तक्रार कोण करणार?"

"फुकट देतोय म्हणून तर," काका म्हणाले. "विकत घेणारा भांडतो, शेठ. भेट घेणारा इश्वास ठेवतो आन् उडतो. छापा-काटा करून कुणाच्या पोराला वर पाठवू?"

"मग काय करणार?"

काकांनी लाल रंगाचा डबा आणला आणि दोन्ही पंपांवर फुल्या मारल्या. म्हणजे भंगार. तसे पंप आता कुठे मिळत नाहीत. तिकडे एक हेलिकॉप्टर त्यांच्यावाचून न उडता जमिनीवरच उभं राहणार होतं. काका आमच्याकडे पाठ फिरवून बराच वेळ ब्रश धूत राहिले.

हे काम ज्यांचं, त्या वरच्या ऑफिसात अहवाल पाठवायचा होता. कार्डं वेगळी कुणी केली, असा रकाना होता. काकांनी लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून.' खाली सही. मी समोर उभी होते. तोंड उघडलं, पण मुलीचा चेहरा आला आणि मिटलं. आठवड्यात वरून पत्र आलं, या कामावर मोरेश्वर पाटील नकोत. छत्री घेऊन ते गेले. शेठनी कार्डं बांधायचं काम माझ्याकडे दिलं.

जूनमध्ये मुलगी आली. शाळा सुरू झाली तशी मी तिला घेऊन बसने डोंगरीला गेले. काका अंगणात होते. तिला बघून म्हणाले, "हीच काय ती? बस गं, ताडगोळे खा."

मी म्हणाले, "काका, तुम्हीच सांगायचात ना, बिनकार्डाचा पार्ट परवडला, खोट्या कार्डाचा नको? तुमच्या कार्डावर माझी चूक लिहिलीय."

ते मुलीला ताडगोळा सोलून देत राहिले. "पार्टाचं कार्ड खोटं असलं तर माणूस पडतो, बाय. मला आता कुठं उडायचंय?"

हसायला हवं होतं, पण आम्ही दोघंही हसलो नाही.  कार्ड न वाचता ज्यांनी कधी पाना उचलला नाही, त्यांच्या नावापुढे निष्काळजी असा शेरा आहे. आणि तिकडे कुठल्या तरी बेटावर एक हेलिकॉप्टर उभं आहे, ते माझ्यामुळे.

काका, मुलगी माझी शाळेत नीट रुळू दे. मी त्याच ऑफिसात जाईन, तोच रकाना मागेन, आणि तुमच्या नावावर रेघ मारून माझं नाव माझ्या हाताने लिहीन. तारखेसकट.