वाडीचे दोन शिक्के

"घाम मरू दे आधी, मग गाऱ्हाणं." दारात आलेल्या माणसाला आमचे आमदार, म्हणजे भाऊ, पहिलं वाक्य हेच बोलायचे. डोंगरातून दोन-तीन तास चालत उतरलेला माणूस तक्रार सांगायला उतावीळ झालेला असायचा. पण भाऊ त्याला ओटीवर बसवणार, गूळ-पाणी देणार आणि कपाळ कोरडं झाल्याशिवाय तोंड उघडू देणार नाहीत. एकदा एक मंत्री महाडला आले आणि जीपमधून उतरताच भाषणाला उभे राहिले. भाऊंनी त्यांनाही तेच सांगितलं. मंत्र्यांना घाम आलेलाच नव्हता, त्यामुळे ते जरा गोंधळले.

मी कोर्टासमोर अर्ज लिहायला बसत असे आणि भाऊंचं बिऱ्हाड माझ्या घराला लागून होतं. त्यामुळे आमदारकीचा सगळा कागद माझ्याच हातून जायचा. भाऊ मूळचे सावित्रीकाठचे शेतकरी. सही मोठी झोकात करायचे, त्यापलीकडे लिहायचा कंटाळा. मुंबईला विधानसभेत गेले तरी तिथे फारसं बोलले नाहीत. जे बोलले त्यातलं निम्मं पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या साकवाबद्दल, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाबद्दल. पावसाळ्यात ओढा भरला की ती वाडी पलीकडेच अडकून पडायची. दोन बाळंतिणी तशाच गेल्या होत्या. भाऊंनी मुंबईला खेटे घालून तो साकव बांधून घेतला. तेव्हापासून वेलीवरची पहिली काकडी वाडीने भाऊंना दिल्याशिवाय खाल्ली नाही. त्या वाडीचं नाव मात्र मी सांगणार नाही.

पहिल्या दोन निवडणुका सोप्या होत्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चित्र. चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकली की झालं. तिसऱ्या खेपेला सगळी चित्रं एकाच कागदावर आली, आणि हव्या त्या चित्रावर शिक्का मारायचा असं ठरलं. त्यातच भाऊंच्या विरुद्ध पोलादपूरचा एक तरुण वकील उभा राहिला. त्याची आई त्या वाडीची. म्हणजे तो साऱ्या वाडीचा भाचा. आता भाचा दारात आला तर आपल्याकडे त्याला रिकाम्या हाताने लावून देतात का, तुम्हीच सांगा.

मतमोजणीला भाऊंचा माणूस म्हणून मी टेबलापाशी उभा होतो. वाडीची पेटी उघडली आणि कागदामागून कागद बाद होऊ लागले. जवळजवळ प्रत्येकावर दोन शिक्के, एक भाऊंना आणि एक भाच्याला. भाऊ पडले, भाचा आला. जितक्या मतांनी पडले, त्याहून जास्त कागद त्या एका पेटीत बाद झाले होते.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता वाडीचा उद्धार होणार. भाऊ आधी खो खो हसले. मग म्हणाले, "हे कुनाला बोलू नका. त्यांना कळलं तर लाजंनं बाजाराला पन उतरायची नायत."

चारच दिवसांनी वाडीचे म्हातारे उतरले, तोंडं सुतक असल्यासारखी. एकजण भाऊंचे हात धरून सांगू लागला की आमच्या वाडीने एक मत चुकवलं नाही, तुम्हाला दिलं, भाच्याला पण दिलं, मग हे झालं कसं? खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "तुमचं सगळं पोचलं माझ्याकडं."

पुढच्या निवडणुकीत पक्षाने भाऊंना विचारलंही नाही. तरी ते मला घेऊन त्या वाडीवर गेले. गुडघे धरले होते, दर वळणावर टेकत होते. माझ्याकडून त्यांनी खोटे मतकागद करून घेतले होते, वर कोंबडा, भोपळा अशी चित्रं काढून. देवळापुढे सगळ्यांना बसवून ते म्हणाले, "सरकारनं नेम बदललाय. मागं दोन शिक्के चालत हुते, आता एकच."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी खोटं ऐकलं ते तेवढंच, आणि तेही सरकारच्या नावावर.

लोकांनी एकेक शिक्का मारून पाहिला. कोंबडा बराच निवडून आला. मग पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, मागच्या खेपेला एकच असता तर तुमालाच दिला असता. भाच्याला जेवायला घातलं असतं."

भाऊंनी कागद गोळा करायला घेतले. एक कागद उलटा होता तो सुलटा केला, सगळे ढोपरावर ठोकून सारखे केले, पुन्हा ठोकले. वर बघेनात. शेवटी म्हणाले, "या खेपेला भाचा उभा हाय. त्याचा एक पन कागद वाया घालवू नका."

त्या वाडीचा एकही कागद बाद झाला नाही. भाचा पुन्हा निवडून आला.

भाऊ गेले तेव्हा वाडी अख्खी खाली उतरली होती. सगळं आटोपल्यावर ती म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "असल्या मानसाला पाडला तरी कुनी रे?"

"आम्ही खालच्यांनी, आजी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे एकवार पाहिलं, आणि उठून दुसरीकडे जाऊन बसली.