पाली पळवायचं यंत्र

मंडळी, आज आधी स्वतःचंच हसू आलं, मग ते थांबलं.

मुलाने बंगलोरहून पाली पळवायचं यंत्र पाठवलं. प्लगला लावायचं, माणसाला ऐकू न येणारा आवाज करतं म्हणे. लावल्यापासून माझं डोकं जड, कानात सतत गुणगुण. आधी वायफायवर संशय घेतला, दोन दिवस राउटर बंद ठेवला. काही फरक नाही. म्हणजे हे यंत्रच! पनवेलमधल्या प्रत्येक ओळखीच्याला ऐकवून झालं.

आज पोळ्या करायला येणाऱ्या सुनंदाताईंना म्हटलं, "हे काढून टाका बाई, डोक्यात घुमतंय."

त्यांनी वाकून पाहिलं. "काका, याचं बटन तर बंदच हाय. तुमी ते चालूच केलं नाय."

त्या गेल्या. घर चिडीचूप. कानातली गुणगुण तशीच. आमची ही देवाघरी गेल्यापासून या घरात संध्याकाळी कुणी बोलत नाही, म्हणून मीच मोठ्याने म्हणालो, "मला काही झालेलं नाही. मी एकटा पडलोय."

ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली.

तुमच्याकडे अजून मानतात का हो, पाल चुकचुकली की बोललेलं खरं असतं?