सरकलेला लाल

या खेपेला म्हैसूरला फिरायला नाही, माफी मागायला गेले. गेल्या वर्षी तिथल्या हॉटेलात चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांचं एक पोस्टर घेतलं होतं. प्रत्येक आकाराच्या डावीकडे लाल रंग केसभर सरकलेला, जुन्या छपाईसारखा. मॅनेजरने जुन्या कलाकाराचं म्हणून सांगितलं आणि मी भारावून ब्लॉगवर लिहिलं, ‘जुन्या कलाकाराचं हातकाम, जरूर घ्या.’ तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मी दिलेल्या लिंकवरून मागवलंही. मग एक प्रतिक्रिया आली: ‘ही आमच्या सासऱ्यांची चित्रं नाहीत.’ खाली म्हैसूरजवळच्या हिनकलचा पत्ता.

पुण्याहून बेंगळुरूपर्यंत रेल्वे, पुढे बस. आधी त्याच हॉटेलात गेले. मॅनेजरने काही लपवलं नाही. ‘एआय आहे मॅडम. जुन्या पोस्टरांचे फोटो घातले, असंच कर म्हटलं.’ मग गेल्या वर्षी खोटं का सांगितलंत, असं विचारल्यावर तो हसून म्हणाला, ‘स्टाइल जुन्या कलाकाराचीच ना!’ मला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. साधं विचारलंही नव्हतं मी, छापलं कोणी म्हणून.

देवराज मोहल्ल्यात लोणी दोसा खाल्ला. चांगला असतो, सकाळी लवकर जा. तिथून हिनकलला सिटी बसने जा, रिक्षावाले वाट्टेल ते मागतात.

प्रतिक्रिया लिहिणाऱ्या सुनेचे सासरे, अनंतराव, सत्तरीचे. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं. वडिलांनी स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. प्रत्येक रंगाला वेगळी लाकडी फ्रेम, लाल सगळ्यात शेवटी.

‘लाल फ्रेम वडिलांच्या हातची,’ ते म्हणाले. ‘एका पावसाळ्यात फुगली, वाकडी झाली. बदलायचं मन होईना. म्हणून लाल सरकायचा, नोडी, बघा. कंप्यूटरची कुठली फ्रेम वाकडी झाली हो?’

मी म्हटलं, मला तुमचं एक पोस्टर हवंय, नवीन छापून द्याल का? ते उठून मागच्या दारी गेले. फ्रेमांची जाळी काढून टाकलेली, लाकडं दोडक्याच्या वेलाला टेकू दिलेली. लाल डाग पडलेली वाकडी फ्रेम कडेला होती.

‘साकु, पुरे केलं आता छापणं,’ ते म्हणाले. ‘उन्हाळ्यात एक बाई आल्या पुण्याच्या. चित्रं बघितली न् म्हणाल्या, हॉटेलातल्यांची नक्कल का करता, आजोबा? मी म्हटलं, माझीच की ती. तर मोबाइल काढून दाखवलं त्यांनी. तुमचंच होतं ते लिहिलेलं.’

मी ‘माफ करा’ एवढंच म्हणाले.

‘तुम्ही मुद्दाम नाही केलं, अल्वा, हो ना? पण झालं नोडी.’ त्यांनी शिल्लक राहिलेलं एक पोस्टर गुंडाळून हातात दिलं. पैसे घेईनात. मी ते सुनेच्या हातात ठेवून निघाले.

घरी दोन्ही शेजारी लावून पाहिली. अनंतरावांच्या पोस्टरवर लाल एका बाजूला सरकलाय आणि दुसऱ्या बाजूला त्याने सोडलेली कोरी फट दिसते. हॉटेलातल्या पोस्टरवर नुसतीच लाल कड आहे, फट कुठेच नाही. वर्षभर ते भिंतीवर होतं, रोज बघत होते, तरी मला कळलं नाही.

जुना लेख काढून टाकला, खुलासा लिहिला, दोन्हींचे फोटो टाकले. पहिली प्रतिक्रिया तासाभरात आली: ‘छान लिहिलंय ताई! ते हॉटेलवालं पोस्टर कुठे मिळेल? लिंक उघडत नाहीये.’